स्टेंट टाकून आठ महिने झाले, आता कोणती गोळी बंद करायची?

प्रश्न : डॉक्टर, माझे वडील ६६ वर्षांचे आहेत. गेल्या ऑक्टोबरात त्यांना हार्ट अटॅक आला आणि त्याच रात्री अँजिओप्लास्टी करून एक स्टेंट टाकला. डायबेटिस नाही, बीपीची गोळी चालू आहे. सुरुवातीला ॲस्पिरिन आणि टिकाग्रेलॉर होती. टिकाग्रेलॉरने धाप लागायची, म्हणून तीन महिन्यांनी क्लोपिडोग्रेल दिली. आता ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलचं औषध असं सगळं मिळून एकच कॅप्सूल आहे. दात घासताना रक्त येतं, हातावर काळेनिळे डाग पडतात, म्हणून बाबांनी परस्पर ती दिवसाआड घ्यायला सुरुवात केली. त्यात एक दाढ काढायची आहे आणि दाताचे डॉक्टर म्हणतात, पाच दिवस गोळी बंद करून या. शेजारच्या काकांची गोळी सहा महिन्यांत बंद झाली, आमच्या आत्याच्या यजमानांची चार वर्षं चालू आहे. नक्की किती दिवस घ्यायची असते? आणि कंबरदुखीसाठी एमआरआय सांगितलाय, स्टेंट असताना तो चालतो का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : दिवसाआडचा प्रकार आजच बंद करा. कॅप्सूल रोज, ठरल्या वेळी. मधल्या बुडालेल्या दिवसांची भरपाई म्हणून दोन-दोन घ्यायच्या नाहीत, फक्त आजपासून रोज एक. आणि ज्यांनी स्टेंट टाकला त्यांना फोन करून झालेला प्रकार सांगा. रागावतील कदाचित, पण त्यांना कळायला हवं.

आता तुमचा मुख्य प्रश्न. तुमच्या बाबांसाठी सर्वसाधारण हिशेब असा : अटॅक आल्यापासून एक वर्ष गुठळी रोखणाऱ्या दोन गोळ्या (तुमच्या कॅप्सूलमधली ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल), म्हणजे येत्या ऑक्टोबरपर्यंत. त्यानंतर दोनांतली एक थांबते आणि एक कायम राहते. टिकाग्रेलॉर बदलून क्लोपिडोग्रेल दिली म्हणून वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजायचं नसतं. मोजणी अटॅकच्या आणि स्टेंटच्या दिवसापासूनच. या हिशेबात फेरफार करायचा अधिकार त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांचा आहे. त्यांनी अँजिओग्राफीची सीडी पाहिलेली आहे, मी नाही.

शेजारचे काका खोटं बोलत नाहीत आणि आत्याचे यजमानही नाहीत. गोंधळ होतो तो नुसत्या स्टेंटवरून मुदत ठरवल्यामुळे. स्टेंट कुणाला टाकला, का टाकला आणि त्या माणसाला रक्तस्रावाचा धोका किती, या तीन गोष्टींवर मुदत ठरते. काकांना बहुधा अटॅक आलेला नसणार. चढ चढताना छातीत भरून यायचं, तपासणीत ब्लॉकेज निघालं, ठरवून तारीख घेऊन स्टेंट टाकला, असं असेल तर नेहमीची मुदत सहा महिनेच आहे. युरोप आणि अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांच्या मार्गदर्शक सूचना याबाबत जवळपास एकमताच्या आहेत, आणि आपल्याकडचे डॉक्टरही त्याच पाळतात. अटॅक आलेल्या माणसाचं मात्र वेगळं. त्याच्या रक्तवाहिनीतली चरबीची गाठ फुटलेली असते, त्यावर गुठळी झालेली असते, आणि जिथे स्टेंट बसलाय त्या जागेइतकाच धोका बाकीच्या रक्तवाहिन्यांतही असतो. एक स्टेंट टाकून बाकीच्या नळ्या काही निवळत नाहीत. म्हणून वर्ष.

आत्याच्या यजमानांच्या चार वर्षांची दोन कारणं असू शकतात. एक योग्य कारण : डायबेटिस, तीन किंवा जास्त स्टेंट, नळीला फाटा फुटतो तिथे टाकलेले दोन स्टेंट, एकूण ६० मिलिमीटरहून लांब स्टेंट, किंवा आधी एकदा स्टेंटमध्येच गुठळी झालेली. अशांना डॉक्टर समजून-उमजून दुसरी गोळी लांबवतात. आणि दुसरं कारण, जे मला माझ्या दवाखान्यात जास्त दिसतं : कुणी थांबवलीच नाही. स्टेंट पुण्या-मुंबईत टाकला, पहिल्या दोन तपासण्या झाल्या, मग जाणं सुटलं, आणि जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून महिन्याच्या महिन्याला गोळ्या आणल्या जातात. वर्षामागून वर्षं. चिठ्ठीचा कागद घडीवर फाटतो, त्याला चिकटपट्टी लावतात, पण त्यावर लिहिलेलं कुणी नव्याने वाचत नाही. आत्यांना सांगा, एकदा ती चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि सरळ विचारा की ही दुसरी गोळी अजून का आहे. कारण असेल तर ते सांगतील. पण तोवर चालू ठेवा. ‘सदरात वाचलं म्हणून बंद केली’ असं माझ्या नावावर नको.

दोन गोळ्या लागतातच कशाला, हे बाबांना पटलं नाही तर ते पुन्हा दिवसाआडवर जातील, म्हणून ते सांगतो. स्टेंट म्हणजे धातूची बारीक जाळी. रक्तातल्या प्लेटलेट्स परक्या पृष्ठभागावर चिकटून गुठळी करतात, ते त्यांचं कामच आहे. हळूहळू जाळीवर रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींचा थर चढतो आणि मग रक्ताला धातू दिसत नाही. तो थर चढेपर्यंत प्लेटलेट्सना आवर घालावा लागतो. ॲस्पिरिन एका वाटेने घालते, क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल दुसऱ्या वाटेने. पूर्वीच्या साध्या स्टेंटमध्ये अस्तर लवकर यायचं, पण त्या वाढीने नळी पुन्हा अरुंद व्हायची. म्हणून २००२-०३च्या सुमारास औषधाचा लेप असलेले स्टेंट आले. त्यांनी अरुंद होणं कमी केलं, पण अस्तर चढणंही लांबवलं. २००६ साली बार्सिलोनाच्या युरोपीय हृदयरोग परिषदेत या स्टेंटमध्ये वर्ष-दोन वर्षांनीही अचानक गुठळी होते, यावरून मोठी खळबळ उडाली. औषधी स्टेंट म्हणजे किमान एक वर्ष दोन गोळ्या, हा दंडक तेव्हा पक्का झाला, आणि लोकांच्या मनात तो अजून तसाच आहे.

आजचे स्टेंट ते नाहीत. त्या काळातल्या सायफर स्टेंटच्या जाळीची तार १४० मायक्रॉन जाड होती. आता ८० किंवा त्याहूनही बारीक असते. सुरतेच्या कंपनीचा सुप्राफ्लेक्स ६० मायक्रॉनचा आहे, आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तो नावाजलेल्या परदेशी स्टेंटच्या तोडीस तोड ठरला. हे मुद्दाम लिहितोय, कारण २०१७च्या फेब्रुवारीत सरकारने औषधी स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर आणली तेव्हापासून ‘स्वस्त स्टेंट आहे, गोळ्या जास्त दिवस लागतील’ हे वाक्य मी अनेकदा ऐकलंय. मुदतीचा किमतीशी काही संबंध नाही.

स्टेंट सुधारले म्हणून मुदती कमी होत चालल्या आहेत. रक्तस्रावाचा धोका जास्त असेल तर तीन महिने, काहींना एकच महिना दोन गोळ्या देऊन पुढे एकीवर ठेवतात, आणि त्यामागे मोठ्या चाचण्यांचा आधार आहे. पंचाहत्तरी ओलांडलेली, हिमोग्लोबिन ११च्या खाली, मूत्रपिंड कमजोर, पूर्वी पोटातून किंवा मेंदूत रक्तस्राव झालेला, किंवा ठोक्यांच्या अनियमिततेमुळे गुठळीविरोधी दुसरं औषध आधीच चालू असलेली माणसं यात येतात. उलट बाजूने २०१४मध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात औषधी स्टेंट टाकलेले आणि एक वर्ष सुखरूप पार पडलेले जवळपास दहा हजार रुग्ण होते. निम्म्यांनी दुसरी गोळी वर्षाला थांबवली, निम्म्यांनी तीस महिन्यांपर्यंत घेतली. हजार माणसांच्या हिशेबात सांगायचं तर वर्षाला थांबवलेल्यांत पुढे १४ जणांच्या स्टेंटमध्ये गुठळी झाली, चालू ठेवलेल्यांत ४. हार्ट अटॅक ४१च्या जागी २१. म्हणजे फायदा झालाच. पण मध्यम ते गंभीर रक्तस्राव १६वरून २५वर गेला, आणि एकूण मृत्यू कमी झाले नाहीत, उलट १५च्या जागी २० झाले. त्यात जुन्या बनावटीचे स्टेंटही बरेच होते, हेही लक्षात ठेवायला हवं.

माझं मत विचाराल तर ही चाचणी जास्त घ्या किंवा कमी घ्या, यांपैकी काहीच सांगत नाही. ती सांगते की वर्षाच्या शेवटी प्रत्येक माणसाचा वेगळा विचार झाला पाहिजे. तो विचार होण्यासाठी कुणीतरी त्या दिवशी डॉक्टरांसमोर बसलेलं असावं लागतं. आपल्याकडे नेमकं तेच होत नाही. म्हणून बाबांच्या पुढच्या तपासणीत एवढं करा : दुसरी गोळी कोणत्या महिन्यापर्यंत, ते डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. ‘पुढे बघू’ हे उत्तर एकदा चालतं, दोनदा नाही.

ऑक्टोबरात खरी गफलत होते ती कॅप्सूलमुळे. तुमच्याकडे तीन औषधं एकाच कॅप्सूलमध्ये आहेत. डॉक्टर म्हणतात, ‘क्लोपिडोग्रेल आता बंद.’ घरी येऊन रुग्ण काय करतो? अख्खी कॅप्सूल बंद करतो. त्याबरोबर ॲस्पिरिन गेली आणि कोलेस्टेरॉलचं स्टॅटिनही गेलं. अटॅक आलेल्या माणसाला ही दोन्ही औषधं थांबवायची नसतात. याच्या उलटही होतं : डॉक्टर नवी गोळी लिहून देतात, घरातली जुनी कॅप्सूल वाया कशी घालवायची म्हणून दोन्ही चालू राहतात, आणि ॲस्पिरिन दुप्पट होते. नावंही अशी की कुणीही फसावं. इकोस्प्रिन एव्हीमध्ये ॲस्पिरिन आणि स्टॅटिन, इकोस्प्रिन गोल्डमध्ये त्याशिवाय क्लोपिडोग्रेल. आडनाव बदललं की औषध बदललं. त्यामुळे डॉक्टरांच्या समोरच पाकीट ठेवून विचारा : यातलं काय गेलं, काय राहिलं, आणि त्याच्या जागी कोणतं पाकीट घ्यायचं? नवीन आणल्यावर जुनी पाकिटं घरात ठेवू नका.

राहणारी एक गोळी बहुतेकांची ॲस्पिरिन असते, ७५ मिलिग्रॅमची. पण ती क्लोपिडोग्रेलही असू शकते. कोरियात २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दोन गोळ्यांची मुदत संपल्यावर एकटी क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांची स्थिती एकटी ॲस्पिरिन घेणाऱ्यांपेक्षा चांगली राहिली. ॲस्पिरिनने पित्त होणाऱ्यांना तर हा पर्याय सोयीचा आहे. तेव्हा डॉक्टरांनी ॲस्पिरिन थांबवून दुसरी ठेवली तर चूक झाली असं समजू नका. क्लोपिडोग्रेल जनऔषधी केंद्रातही मिळते आणि तीही चालते.

दिवसाआड घेण्यात बिघडतं काय, असं बाबा विचारतील. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ज्या प्लेटलेटवर काम करतात ती मरेपर्यंत निकामी राहते. पण प्लेटलेटचं आयुष्य सात ते दहा दिवसांचं, म्हणजे रोज साधारण दहावा हिस्सा नवा कोरा येतो. गोळी बुडाली की त्या नव्यांना कुणी आवरत नाही. एखाद्या दिवशी विसरली तर आभाळ कोसळत नाही, मात्र ठरवून अर्धी मात्रा घेणं म्हणजे किती संरक्षण मिळतंय हे कुणालाच माहीत नसलेलं औषध घेणं. स्टेंटमध्ये गुठळी होणं आजच्या स्टेंटमध्ये दुर्मिळ आहे, पहिल्या वर्षात शंभरात एकाच्या आसपास किंवा कमी. पण ती झाली की अचानक पूर्ण नळी बंद होते आणि त्यातले बरेच रुग्ण दगावतात. आणि ती होण्याचं सर्वांत ठळक टाळता येण्यासारखं कारण म्हणजे मुदतीआधी मनाने थांबवलेल्या गोळ्या.

दाढेचं. पाच दिवस बंद करू नका. एखाद-दुसरी दाढ दोन्ही गोळ्या चालू असताना काढता येते. रक्त नेहमीपेक्षा जास्त वेळ झिरपतं, त्यासाठी टाका घालतात, कापसाचा बोळा दाबून धरायला सांगतात, लागलं तर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या चुळा देतात. तोंडातलं रक्त दाबून थांबवता येतं, स्टेंटमधली गुठळी नाही. दाताचे डॉक्टर काळजीपोटीच सांगत असतील, पण त्यांना बाबांच्या हृदयरोगतज्ज्ञांशी एकदा बोलायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. सकाळची वेळ घ्या, म्हणजे नंतर रक्त आलं तर दिवसाउजेडी परत जाता येईल. दुखत नसेल, सूज नसेल आणि दाढ ऑक्टोबरपर्यंत थांबण्यासारखी असेल तर तोही पर्याय आहे. मोतीबिंदूचंही असंच, त्यासाठी सहसा गोळ्या थांबवत नाहीत. हर्नियासारखं ठरवून करायचं ऑपरेशन मात्र अटॅकनंतरचं वर्ष संपेपर्यंत पुढे ढकललेलं बरं.

हिरड्यांतून येणारं रक्त आणि हातावरचे डाग यांची भीती बाळगू नका, ते या गोळ्यांसोबत येतातच. मऊ ब्रश वापरा, हिरड्यांवर कीट साचलं असेल तर साफ करून घ्या, निम्मं रक्त तिथेच थांबेल. डांबरासारखी काळी शी, लघवीत रक्त, दहा-पंधरा मिनिटं दाबूनही न थांबणारा घोळणा, अचानक प्रचंड डोकेदुखी, किंवा चालताना नव्याने लागणारी धाप आणि पांढरटपणा, यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. तेव्हाही गोळी घरच्या घरी बंद करायची नाही, त्यांना ठरवू द्या. दरम्यान हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) एकदा तपासून घ्या, आठ महिन्यांत झालं नसेल तर नक्कीच.

पोटासाठी गोळी चालू आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. दोन गोळ्या चालू असताना पोट सांभाळणारी गोळी बहुतेकांना देतात. क्लोपिडोग्रेलबरोबर ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल नको. क्लोपिडोग्रेल यकृतात गेल्यावरच कामाची होते आणि ही औषधं तिथेच आडवी येतात. पँटोप्राझोल चालते.

आणि तुम्ही न विचारलेला, पण मला सर्वांत खटकलेला मुद्दा : बाबा कंबरेसाठी काय घेतात? मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन असेल तर डाग आणि रक्त यांचं कारण कदाचित तीच आहे. या वेदनाशामक गोळ्या या दोन औषधांबरोबर पोटातला रक्तस्राव वाढवतात, हृदयालाही त्या चांगल्या नाहीत, आणि आयब्युप्रोफेन तर ॲस्पिरिनच्या कामातच अडथळा आणते. कंबरेला पॅरासिटामॉल, शेक, आणि फिजिओथेरपिस्टने दाखवलेले व्यायाम. ‘आयुर्वेदिक’ म्हणून मिळणाऱ्या, पाकिटावर धड काही न लिहिलेल्या सांधेदुखीच्या पुड्यांपासून चार हात लांब राहा. त्यांत स्टेरॉइड आणि वेदनाशामकं मिसळलेली सापडतात. एखादा काढा चालू असेल तर तोही डॉक्टरांना सांगा.

एमआरआय चालतो. आजचे हृदयातले स्टेंट एमआरआयच्या चुंबकाने हलत नाहीत आणि स्टेंट टाकल्यावर अमुक आठवडे थांबा असंही बंधन राहिलेलं नाही. डिस्चार्जच्या वेळी स्टेंटचं कार्ड मिळालं असेल, त्यावर कंपनी आणि क्रमांक असतो. ते तिथल्या तंत्रज्ञाला दाखवा. कार्ड हरवलं असेल तर डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स न्या, त्यातही स्टेंटचं नाव लिहिलेलं असतं. त्या दिवशीची कॅप्सूल नेहमीसारखीच घ्यायची.